कलहातून संवादाकडे

रुग्णालयातील दोन सहकाऱ्यांचा अबोला त्या दोघांपुरता राहत नाही. औषधाच्या मात्रेविषयी परिचारिकेस शंका येते. परंतु डॉक्टर मागे सर्वांदेखत रागावलेले असतात, म्हणून ती विचारीत नाही. त्या मौनाची झळ खाटेवरील रुग्णास पोहोचते.

अशा वेळी मध्यस्थ हा न्यायाधीश नसतो. उभयतांचे म्हणणे तो प्रथम स्वतंत्रपणे, मग समोरासमोर ऐकतो. ‘चूक कोणाची?’ याऐवजी ‘उद्यापासून एकत्र काम कसे करावयाचे?’ असे तो विचारतो. तोडगा त्या दोघांनीच शोधावयाचा असतो. मध्यस्थता अधिनियम, २०२३ यानेही मध्यस्थाची निष्पक्षता व चर्चेची गोपनीयता ही तत्त्वे मानली आहेत.

वरिष्ठाच्या धाकाने दिलेला होकार म्हणजे समेट नव्हे. म्हणून मध्यस्थ विभागाबाहेरचा, दोघांनाही मान्य असलेला असावा. मात्र मारहाण, गंभीर हयगय वा लैंगिक छळ यांवर मध्यस्थीचे पांघरूण घालता येणार नाही. तेथे रीतसर चौकशीच हवी.

आपण विश्वासाने आपले माणूस आमच्या स्वाधीन करता. आमच्यातील भांडणाची किंमत त्याने मोजू नये, एवढीच यामागील तळमळ आहे.