एकट्यानं गड चढताना



आपल्या लासलगावच्या उत्तरेला सातमाळेची डोंगररांग आहे. हवा स्वच्छ असली की तिचे सुळके दिसतात. त्यांत शिवलिंगासारखा एक सुळका आणि त्याला लागून उभी भिंत दिसली, की तो धोडप समजावा. समुद्रसपाटीपासून याची उंची साडेचौदाशे मीटरच्या आसपास आहे. बाजार समितीचे लिलाव बंद असतील अशा एखाद्या दिवशी पहाटे निघालात, तर संध्याकाळी घरी परत येता येतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या वडाळीभोईहून धोडांब्याला जायचं आणि तिथून पायथ्याच्या हट्टी गावाला.

तुम्ही म्हणाल, डोंगरावर आहे काय? सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर साचले. पुढं त्यांतल्या एका भेगेत खालून रस शिरला आणि थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, पण ही कठीण भिंत उभी राहिली. गुरुजनांनी भूगोलाचा हा धडा मुलांना जागेवरच दाखवावा. दुसरा धडा पाण्याचा. ही रांग म्हणजे पाणलोटाची वरवंडी. दक्षिण उतारावरचं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातं, तर उत्तरेकडचं गिरणेतून तापीला आणि पुढं अरबी समुद्राला. एकाच ढगाचं पाणी, पण दोन दिशांना जातं! इतिहास हवा असेल, तर 1768 साली माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला तो या धोडपपाशीच. 1818 साली गड इंग्रजांच्या हाती गेला.

आता मुद्द्याचं बोलू. एकट्यानं जावं का? जावं. एकटा माणूस हळू चालतो, थांबतो, पाहतो. पण एकट्याचा पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी नसतं, आणि डोंगराच्या घळीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. जपानात फुजी हा 3776 मीटर उंचीचा पर्वत आहे. त्या देशात डोंगर चढणारा माणूस आपलं नाव, वाट आणि उतरण्याची वेळ कागदावर लिहून देतो. बऱ्याच डोंगरांच्या पायथ्याशी त्यासाठी पेटीच ठेवलेली असते. आपल्याकडे पेटी नसेना का, हट्टीतली माणसं तर आहेत! एखाद्या घरी जाऊन सांगावं, “दादा, मी एकटाच वर चाललोय. चार वाजेपर्यंत खाली येऊन तुम्हाला भेटेन.” घरीही तीच वेळ सांगून ठेवावी. आणि उतरल्यावर त्या घरी निरोप द्यायला विसरू नये. नाहीतर रात्री बॅटऱ्या घेऊन गाव तुम्हाला शोधत बसेल.

दुसरी गोष्ट परत फिरण्याच्या वेळेची. ती घरून निघतानाच ठरवावी. समजा, दुपारचे बारा ठरले. बारा वाजले की सुळका हाताशी आला असला तरी माघारी वळायचं. “एवढंच राहिलंय” या शब्दांनी पुष्कळांना अंधारात गाठलंय. चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो उतरताना, मांड्या थकल्यावर.

बाकी नियम साधेच. तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी आणि आपल्याच शेतातला कांदा बरोबर घ्यावा. पावसाळ्यात गवताखालचा दगड निसरडा होतो, तेव्हा नवख्यानं एकट्यानं जाऊ नये. कड्याला आग्यामोहोळ असतं, म्हणून धूर करू नये, आरडाओरडा करू नये. सुळक्याच्या पोटातल्या गुहेपर्यंत जावं. माथ्याचा कातळ मात्र दोर लावून चढणाऱ्यांसाठी सोडावा.

आणि गुहेपाशी बसलात की खालच्या शिवाराकडे जरूर बघा. बांधावरून बांधापुरतं दिसतं. वरून ओढा कुठून येतो, कुणाच्या विहिरीजवळून जातो आणि कुठं आटतो, ते सगळं एका नजरेत कळतं. पाण्यावरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी एकदा तरी हे वरून पाहावं, असं मला वाटतं.

तेव्हा मंडळी, जरूर जा. पण सांगून जा आणि वेळेवर परत या.