वाम मासा घरीं पाळतांना

शोभेचे मासे म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें सोनेरी, चंदेरी, पताकेसारखे पर हालविणारे मासे येतात. आज ज्या माशाविषयीं बोलावयाचें आहे तो या मंडळींत कोठेंच बसत नाहीं. तो दिवसा फारसा दिसत नाहीं; रंगानें मातकट, आकारानें सापासारखा; आणि पुष्कळ घरांतून त्याची ओळख कालवणापुरतीच. हा आपल्या नद्यांतला वाम मासा. तो घरच्या कांचेच्या टाकींत ठेवावा काय, आणि ठेवायचा तर कसा, हें आज पाहूं.

प्रथम त्याचें मूळ घर पाहूं. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांत आष्टी हें गांव आहे. बीड आणि वर्धा या जिल्ह्यांतल्या आष्ट्या निराळ्या. हा सारा मुलूख गोदावरीच्या खोऱ्यांतला. जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीच आंखते. दुधना पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. काळ्या दगडाच्या कपारी, मधून मधून वाळूचे पट्टे, उन्हाळ्यांत उरणारे डोह आणि पावसाळ्यांत पसरणारें गढूळ पाणी, अशा ठिकाणीं वाम मासा राहतो. दिवसा तो वाळूंत किंवा दगडाखालीं दडतो आणि रात्रीं तळाशीं फिरून अळ्या व किडे टिपतो.

लांबट शरीरामुळें त्याला आणि अहीर माशाला लोक एकाच कुळांतले समजतात. तें खरें नव्हे. अहीर नदींत वाढतो, पण अंडीं घालण्यासाठीं समुद्रांत जातो. वाम मासा जन्मभर गोड्या पाण्यांतला. त्याची खूण पाठीवर आहे. पाठीच्या मध्यावरून सुमारें ३२ ते ४० सुट्या कांट्यांची रांग असते. एरवीं ते कांटे निजलेले असतात; मासा पकडला कीं उभे राहतात. म्हणूनच १८०० सालीं लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याला ‘आर्मेटस’, म्हणजे शस्त्रधारी, असें नांव दिलें. नाकाच्या शेंड्यास एक लवचिक सोंड असते व तिच्यावर नाकपुड्यांच्या बारीक नळ्या असतात. अंधारांत वाळू हुंगीत भक्ष्य शोधण्याचें हें त्याचें साधन.

आतां मुख्य प्रश्न. हा शस्त्रधारी वाम दोन ते तीन फूट लांब होऊं शकतो. बाजारांत तो वीतभर असतो, तेव्हां मोह पडतो. पण मोठेपणीं त्याला सामान्य घरांतली टाकी पुरत नाहीं. आग्नेय आशियांतून येणारा तांबड्या पट्ट्यांचा वामही असाच फसवा. तो मीटरभर वाढतो. घरासाठीं योग्य तो त्यांचा धाकटा भाऊ. १८२२ सालीं फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याला ‘पंकालस’ म्हटलें; हें नांव बंगालींतल्या ‘पांकाल’ या शब्दावरून घेतलेलें आहे. पंकांत, म्हणजे चिखलांत, राहणारा तो पांकाल. संसारांत राहून त्याचा लेप लागूं देऊं नये हें सांगतांना रामकृष्ण परमहंस याच पांकाल माशाचा दृष्टांत देत असत. हा मासा साधारणतः वीतभरच वाढतो. त्याला तीन फूट लांबीची टाकी चालते. टाकीच्या उंचीपेक्षां तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण त्याचें आयुष्य तळाशींच जातें.

तळाची तयारी हेंच या कामाचें मर्म आहे. दुकानांत मिळणारी रंगीत, धारदार खडी येथें घातक ठरते. या माशाचे खवले अगदीं बारीक. खडींत शिरतांना कातडी खरचटते आणि जखमेंतून रोग शिरतो. वाळू बारीक, गुळगुळीत दाण्यांची हवी, आणि थर दोन-अडीच इंचांचा. तीन फुटी टाकीस मोठी बादलीभर वाळू पुरते. पाणी निवळ निघेपर्यंत ती धुवावी. दगड मांडायचे तर आधीं टाकीच्या तळावर ठेवावे आणि मग वाळू पसरावी. नाहीं तर मासा खालून वाळू उकरतो व दगड त्याच्यावरच कोसळतो. एखादी रुंद नळी किंवा फुटक्या माठाचा, कडा घासलेला तुकडा आडोशास ठेवावा. आडोसा मिळाला कीं मासा निर्धास्त होतो, आणि निर्धास्त झालेला मासाच कधीं कधीं बाहेर डोकावतो.

दुसरी गोष्ट झांकणाची. ज्या फटींतून त्याचें डोकें जातें, त्या फटींतून सारा मासा जातो. वायर आणि नळी यांसाठीं ठेवलेलीं भोकेंही स्पंजानें बुजवावीं. हवा मात्र खेळती राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट अन्नाची. कोरडें खाद्य तो बहुधा शिवत नाहीं, आणि नवीन आणलेले पुष्कळ वाम उपासानेंच मरतात. दिवे मालवल्यावर बारीक गांडुळें, डासांच्या अळ्या किंवा कोळंबीचे तुकडे द्यावे. गांडुळें खत किंवा औषध न मारलेल्या मातींतलींच असावींत. त्याच्या तोंडांत मावतील असे चिमुकले मासे सोबतीस ठेवूं नयेत, आणि त्याचा घास पळविणारे दांडगे मासेही नकोत.

पाण्याविषयीं थोडेंसें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. पाणी तापतें तसा त्यांतला प्राणवायु घटतो: २० अंशांस एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांस साडेसातच. म्हणून टाकी उन्हापासून दूर ठेवावी आणि हवेचा पंप बंद करूं नये. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावें; नळाचें पाणी क्लोरीन काढूनच घालावें. आजारपणांत तांब्याचीं औषधें या माशास सोसत नाहींत, म्हणून औषधाची बाटली जपून उघडावी. आणि त्याला जाळीनें पकडूं नये. कांटे जाळींत अडकतात. बरणी आडवी धरून तींत हळूच हांकावा.

एवढें करूनही कांहीं कारणानें मासा ठेवणें अशक्य झालें, तर त्याला नदींत सोडण्याचें पुण्य मात्र कोणी घेऊं नये. टाकींतून सुटलेल्या दक्षिण अमेरिकेच्या सकर माशानें उजनीच्या जलाशयांत काय उपद्रव केला, तें भीमाकांठच्या कोळ्यांना विचारावें. मासा दुकानदारास परत द्यावा, किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा.

श्रोतेहो, या साऱ्या खटपटीचें सार एवढेंच कीं, वाम पाळणें म्हणजे वाळू सांभाळणें. मासा आपणांस रात्रीं क्षणभर दिसेल. दिवसभर दिसेल ती वाळू, आणि तिच्यांतून बाहेर आलेलें सोंडेचें टोंक. ज्या घरांतल्या मुलांना हें कळलें, त्यांना नदीकांठचीं दृश्यें निराळीं दिसूं लागतील. गोदावरीच्या पात्रांतून गेलीं कित्येक वर्षें बांधकामासाठीं वाळू उपसली जात आहे. वाळू गेली कीं काठच्या विहिरींची पातळी खालावते, हें शेतकरी जाणतो. पण त्याच वाळूंत वाम मासा लपतो, आणि ज्या अळ्यांवर तो जगतो त्याही तेथेंच वाढतात, याची दखल फारसें कोणी घेत नाहीं. आज वाम मासा नामशेष होत आलेल्या माशांच्या यादींत नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. तो त्या यादींत जाऊं नये, तर त्याचें घर टिकलें पाहिजे.

आपली टाकी ज्या भिंतीशीं ठेवलेली असते, तिच्या गिलाव्यांतही कोठल्या तरी नदीची वाळू असते. टाकीपुरती बादलीभर वाळू आपण निवडून, धुवून, जपून घालतों. तोच विचार घर बांधतांनाही व्हावा, आणि जेथें दगड भरडून केलेली वाळू चालते तेथें नदीची मागूं नये. एक वीतभर मासा शहरांतल्या घरास एवढें शिकवूं शकला, तर तो दिवसभर दिसला नाहीं म्हणून कोणी तक्रार करूं नये.