नदीकाठची वही

(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी पर्यावरणतज्ज्ञ नाही, शिवणकाम करते. तीन वर्षांपूर्वी पुण्यात विठ्ठलवाडीजवळ, मुठेच्या काठावर रविवारी सकाळी काम करणाऱ्या गटात गेले. पहिल्याच रविवारी मुलानं विचारलं, "आई, मग चहा-नाश्त्याचं काय?" बिनपगारी एक काम सोडून बिनपगारी दुसरं करायला निघाले होते. फरक एवढाच, की हे मी निवडलं होतं.

त्या दिवशी आम्ही प्लास्टिकबरोबर लव्हाळी, गवतही उपटलं. घर झाडायची सवय ना! गटातल्या एका जाणत्या बाईंनी हात धरला. म्हणाल्या, "अगं, ही बाळंतिणीची खोली आहे." काठच्या गवतात माशांची पिल्लं लपतात, पाणपक्षी घरटी करतात, मुळं माती धरून ठेवतात. तेव्हापासून आम्ही कचरा उचलतो, जलपर्णी काढतो आणि उघड्या काठावर वाळुंज, करंज, उंबर लावतो.

वही माझ्याकडे आली. तारीख, वेळ, पक्षी, संख्या. खंड्या, वंचक, शेकाट्या, थंडीत धोबी. आणि हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. नवरा गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. आता मीच दर रविवारी लिहिते, 'हळदी-कुंकू, ६.' लिहिताना हसू येतं.

पण एक सांगते. आमच्या कचरा उचलण्यानं नदी स्वच्छ होत नाही. पावसाळा सोडला तर शहरातल्या मुठेत वाहतं ते मुख्यतः सांडपाणीच. ते शुद्ध करणं हे शासनयंत्रणेचं काम. आपल्या फुकट श्रमांनी ते झाकायचं नाही. नदीला आई म्हणायचं आणि घाण तिच्याच पदरात टाकायची, हे आईपण आपल्या चांगलं ओळखीचं आहे!

काठाच्या सुशोभीकरणाच्या एका बैठकीत एक साहेब म्हणाले, "ताई, तिथं नुसती झुडपं आहेत." मी उठले, वही उघडली आणि दोन वर्षांच्या नोंदी वाचल्या. पाय कापत होते. निर्णय काही बदलला नाही. पण त्या नोंदी इतिवृत्तात घ्याव्या लागल्या. पुढच्या बैठकीत 'नुसती झुडपं' असं कुणी म्हटलं नाही.

आपापल्या गावच्या नदीवर चौघीजणी मिळून जा. खुरपं नेलं नाही तरी चालेल, वही मात्र न्या.