माझी जाऊ, माझी मैत्रीण

(लोहा इथं बचत गटातल्या बायकांनी १ जानेवारी २०२५ रोजी घेतलेल्या आठवणींच्या सभेतलं भाषण. घरच्यांची नावं छापू नयेत असं बोलणाऱ्या बाईंनी सांगितल्यामुळं फक्त नाती ठेवली आहेत.)

मैत्रिणींनो, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या सुनांनो, आत या, जागा आहे.

मला माईकवर बोलायची सवय नाही. गटाच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवते, तेवढंच. आज आक्काबद्दल बोला म्हणालात म्हणून उभी राहिले. आक्का असती तर पहिल्या ओळीत बसून म्हणाली असती, "लवकर आटप माय, भाकरी थापायच्यात."

आजची तारीख मीच मागून घेतली. आक्काच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, आणि माझ्याही. जिच्या जन्माची कुठं नोंद नाही तिच्यापुढं हीच तारीख टाकतात. हात वर करा म्हटलं तर इथल्या निम्म्या जणींचा आज वाढदिवस निघेल. मी चार इयत्ता शिकलेली, शाळेत माझी तारीख होती, पण ती कुणी विचारली नाही. कार्डं हातात पडली तेव्हा आक्का म्हणाली, "धाकटे, आपल्या मायबापाला जमलं न्हाई ते सरकारनं केलं. तू आन मी जुळ्या बहिणी."

आक्का माझी थोरली जाऊ. 'जावा जावा आणि उभा दावा' असं आपल्याकडं म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनंही हेच बजावून पाठवलं होतं, की सासूला जप आणि जावेपासून सावध राहा. १९७९ साली मी या घरात आले. थोरल्या जावेला 'बाई' म्हणायची रीत. मी पहिल्या दिवशी खाली मान घालून 'बाई' म्हटलं, तर ही म्हणाली, "बाई म्हनू नको. बाई म्हणलं की मास्तरीण वाटती, आन मला तर पाटी कुठून धरायची ते ठावं न्हाई. आक्का म्हण." तेव्हापासून ती आक्का.

ती स्वतः या घरात आली १९७२च्या दुष्काळात. अंगाची हळद उतरायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथं सुकडी मिळायची, तीच जेवण. त्या दिवसांचं सांगताना रडायची नाही. म्हणायची, "खडी फोडून फोडून हात असा बसला होता की, सासूबाईनं सुपारी फोडाय दिली तरी मी ढेकळावानी फोडायची." मग ती सुपारी कशी उडाली, सासऱ्यांच्या पागोट्यात कशी पडली, हे सांगायची. आम्ही पोट धरून हसायचो. खडी फोडताना बोटाचं नख कायमचं गेलं होतं, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. मला ते फार उशिरा कळलं.

आपल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा म्हणजे तिचा जीव. परवा येळवस झाली, यात्रा आत्ता चालूच आहे, म्हणून आठवण जास्तच येते. शेतात आंबील-भज्जी झाली, वनभोजन उरकलं की हिचं एक डोकं माळेगावात. एका वर्षी आम्ही दोघी गाढवांच्या बाजारातून चाललो होतो. ही एका गाढवाजवळ थांबली, त्याचे दात बघितले, पाठीवर हात फिरवला, किंमत विचारली. विकणारा म्हणाला, "बाई, तुम्हाला कशाला पायजे गाढव?" ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "घरी एक हाय. जोडी लावायची हाय." माझे मोठे भाऊजी दहा पावलांवर भंडारा लावून उभे. मी पदर तोंडात कोंबला.

असं तिचं बोलणं. आता दुसरी गोष्ट सांगते.

१९९८ची संक्रांत तोंडावर आली होती. शेतीची लाईट रात्रीची होती. माझे मालक मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि शॉक लागून गेले. मला दोन मुली, थोरली चौदा वर्षांची, धाकटी नऊ. घरात माणसं मावत नव्हती. बायका माझ्याभोवती गोळा झाल्या आणि एकीनं माझा हात धरला, बांगड्या फोडायला.

आक्का उठली आणि माझ्या नि त्यांच्या मधी येऊन बसली. म्हणाली, "बांगड्या मी भरल्यात. माळेगावात, माझ्या पैशानं. ज्याचा माल त्याला इचारल्याबिगर कोण फोडतंय बघू." कुणीतरी म्हणालं, रीत आहे. ही म्हणाली, "माझा दीर गेला. आता हिची काकणं फोडून तो माघारी येत आसंल तर सांगा, मी माझी बी फोडते." घरात शांत झालं. बायका मागं सरल्या. मैत्रिणींनो, कुंकू मात्र मी स्वतः पुसलं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. पण हातात बांगड्या राहिल्या त्या राहिल्याच.

पुढं २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. शासनानंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. गटाच्या बैठकीत मी ती बातमी वाचून दाखवली. आक्का म्हणाली, "आपण चोवीस वर्सं आधीच ठराव केलता की. निस्ती ग्रामसेवकाची सही ऱ्हायली."

पण बांगड्यांवर भागलं नाही. तेरावा झाल्यावर घरात कागदाचं बोलणं सुरू झालं. आठ एकर जमीन, दोघा भावांची निम्मी निम्मी. सासू-सासरे आधीच गेले होते. माझ्या मालकांच्या चार एकरांना वारस कोण? मी आणि माझ्या दोन मुली. हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. पण घरात चाललेलं बोलणं वेगळं होतं. पोरी लग्न होऊन जातील, हिला खायला-प्यायला आपण घालूच, मग शेत बाहेर कशाला जाऊ द्यायचं? आणि खरं सांगायचं तर ते शेत माझ्याकडून सुटलं असतं तर कुणाला मिळणार होतं? आक्काच्याच दोन मुलांना.

हे लक्षात ठेवा आणि पुढचं ऐका. आक्का चुलीपाशी चहा करत होती. ओसरीवरचं सगळं तिच्या कानावर पडलं. रात्री लेकरं झोपल्यावर ती माझ्या अंथरुणाशी आली आणि हळूच म्हणाली, "उद्या तुला कचेरीत न्यायचेत. वारसाची सही म्हणून सांगतील. धाकटे, तुला सही येती. सही कुठं करायची न्हाई, ते बी शिक."

दुसऱ्या दिवशी कागद पुढं आला. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि एकेक अक्षर लावून वाचला. वर लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. मी म्हणाले, "मी सही करणार नाही." भाऊजींच्या पुढं मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य.

मग एका कार्यकर्त्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं मी तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज दिला, मृत्यूचा दाखला जोडला. नोटीस निघाली, हरकतीची मुदत संपली, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर माझं आणि दोन्ही मुलींचं नाव लागलं. तरण्या सुनांनो, एवढं पाठ करून ठेवा. वारस नोंद आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद. पहिल्यानं नाव लागतं, दुसऱ्यानं हक्क जातो. घाईत, दुखवट्यात, वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा द्यायचा नाही.

त्या चार एकरांत मी कापूस घेतला, तूर घेतली, पुढं सोयाबीन घेतलं. दोन्ही मुली शिकल्या. आज मी इथं ताठ उभी आहे ती त्या रात्रीच्या एका वाक्यामुळं.

आता जे सांगायचं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी कागदावर सही केली नाही त्या रात्री भिंतीपलीकडून आवाज आला. सकाळी आक्काच्या गालावर वळ होता. मी विचारलं तर म्हणाली, "म्हशीनं शेपटी मारली. तिला बी वाटलं आसंल, चार एकर जास्तीचं वैरण आलं आसतं." आणि हसली. मीही हसले. मला कळलं होतं काय झालं ते. तरी हसले, कारण हसलं की पुढं विचारावं लागत नाही. भाऊजी तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. त्याचाही तिनं विनोद केला, "कान निवांत हायेत." मी त्यालाही हसले.

दुसऱ्यांदा हसले ते जमिनीवरून. १९९२ सालीच शासनानं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं होतं. नवऱ्यानं अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. शेतकरी संघटनेच्या बायकांनी ते गावोगाव नेलं होतं. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, आक्का, तुझं नाव लावायला भाऊजींना सांगू. ती म्हणाली, "माझं नाव घ्यायला त्यांना उखाण्यात सुदिक जमलं न्हाई, सातबाऱ्यावर कुठून घेतील?" बैठक हसली आणि विषय तिथंच संपला. जिनं माझं नाव लागावं म्हणून मार खाल्ला, तिच्या नावावर मरेपर्यंत एक गुंठा नव्हता. मी पुन्हा विषय काढला नाही.

तिसरं हसणं सगळ्यात वाईट. २०२३च्या दिवाळीत ती मला म्हणाली, "धाकटे, पाळी जाऊन पंधरा वर्सं झाली आन आता परत अंगावर जातंय. म्हातारपणी तरणी झाले बघ." मी हसले. म्हणाले, मग आता हळदीकुंकवाला नवीन लुगडं घे. तिलाही तेवढंच हवं होतं, की मी हसावं आणि विचारू नये. उन्हाळ्यात कंबर धरून बसायला लागली तेव्हा नांदेडला नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, बराच पसरलेला. गेल्या श्रावणात ती गेली.

बायांनो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जायचं. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण तो आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि हा आजार लवकर सापडला तर बरा होतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की आक्का विनोद करते.

ती गेली त्या दिवशी बायका म्हणत होत्या, भाग्याची, अहेवपणी गेली. हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरायची तयारी केली. मी पुढं झाले तर एकीनं मला दंडाला धरून बाजूला केलं. विधवेनं सवाष्णीची ओटी भरायची नसते. माझ्यासाठी दारात आडवी बसणारी तर समोर निजलेली. मी भिंतीला लागून उभी राहिले. तेवढ्यात आक्काच्या धाकट्या सुनेनं हळदीकुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, आधी तुम्ही लावा." भाऊजी उंबऱ्यात होते. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, बाजूला सरून मला वाट दिली. एवढंच. त्याचा मी जास्त अर्थ लावत नाही.

मी तिला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि माझ्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिच्या हातात घातल्या.

आक्काची आठवण म्हणून फोटो लावा, हार घाला, माझी ना नाही. पण मला गटापुढं एक मागणी ठेवायची आहे. बैठकीत कर्जाचा आणि हप्त्याचा हिशेब होतो, त्याच्या आधी प्रत्येकीला विचारायचं, अंग कसं आहे आणि घरी कसं आहे. एखादीनं हसून उत्तर दिलं तर आपण हसायचं, पोटभर हसायचं, आणि मग तिच्या शेजारी बसून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा.

आणि दुसरं. आक्काच्या दोन्ही सुनांचे लक्ष्मीमुक्तीचे अर्ज मी लिहून आणलेत. दोन्ही मुलगे आज इथं मागं बसलेत. आईनं तुमच्यासाठी येणारं शेत माझ्याकडं राहू दिलं, बाळांनो. आता तुम्ही सह्या करा. वाचून करा.

चला, भाकरी थापायच्यात.