मॅच संपल्यावर ‘आपण’ कोण?

(पट्टीश्वरम्, कुंभकोणम् इथे महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आज तंजावर भागात बसलो आहोत. इथे १८५५ पर्यंत मराठी राजघराणं होतं, त्यामुळे महाराष्ट्रातून येणारा माणूस इथे आला की त्याला राजांच्या गोष्टी ऐकवल्या जातात. मला आज राजांबद्दल बोलायचं नाही. मला रंगांबद्दल बोलायचं आहे.

याच तमिळनाडूत, इथून बरंच दक्षिणेला, तिरुनेलवेलीच्या बाजूच्या शाळांमध्ये मुलं मनगटावर रंगीत पट्टे, दोरे बांधतात. रंगावरून जात कळते. विचारायची गरज पडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत बारावीतल्या एका दलित मुलावर वर्चस्ववान जातीतल्या त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. मध्ये पडलेल्या त्याच्या लहान बहिणीलाही सोडलं नाही. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. जून २०२४ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यातल्या शिफारशींत जात दाखवणारे मनगटी पट्टे, अंगठ्या, कपाळावरच्या खुणा यांवर शाळेत बंदी घाला आणि शाळांच्या नावांतली जातीची नावं काढा, हे होतं.

तुम्ही म्हणाल, आजचा विषय फुटबॉलच्या समर्थकांचा आहे, मग हे कशाला? कारण मनगटावरचा दोरा आणि गळ्यातला क्लबचा स्कार्फ एकच काम करतात. ‘मी कुणाचा आणि कुणाच्या विरोधात’ हे न बोलता सांगतात. फरक कुठे आहे आणि तो कधी पुसला जातो, हे आपण समजून घेऊ.

‘अल्ट्रा’ हा शब्द इटलीतून पसरला. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे तरुण समर्थकांचे गट उभे राहिले. स्टँडमधली ठरलेली जागा, मोठे झेंडे, ढोल, रंगीत धूर, नव्वद मिनिटं थांबायचं नाही अशी घोषणाबाजी. या गटाचा एक म्होरक्या असतो, तो मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. हे लक्षात ठेवा. त्याला मॅच बघायची नसते, त्याला गर्दी चालवायची असते.

ही चालवता येणारी गर्दी राजकारणाच्या हाती लागली की काय होतं, याचं मोठं उदाहरण युगोस्लाव्हियाचं आहे. १३ मे १९९० रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर दिनामो झाग्रेब विरुद्ध बेलग्रेडचा रेड स्टार असा सामना होता. एक संघ क्रोएशियाचा, दुसरा सर्बियाचा. दोन्हीकडच्या समर्थकांत अशी मारामारी झाली की सामना होऊच शकला नाही. रेड स्टारच्या समर्थकांवर ज्याची पकड होती तो झेल्को राझ्नातोविच, टोपणनाव आर्कान. त्याच वर्षी त्याने आपलं सशस्त्र दल काढलं आणि त्यात याच स्टँडमधली पोरं भरती केली. पुढच्या युद्धातल्या कत्तलींसाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्यावर आरोपपत्र ठेवलं. एकत्र चालणं, एकत्र ओरडणं, म्होरक्याचं ऐकणं आणि समोरच्याला माणूस न समजणं, हे सगळं त्या पोरांना आधीच येत होतं. त्यांच्या हातात फक्त बंदुका द्यायच्या राहिल्या होत्या.

आता आपल्या देशात या. कोलकात्यात मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) यांचं वैर आहे. मोहन बागान पश्चिमेकडच्या ‘घोटी’ लोकांचा, ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्या ‘बांगाल’ लोकांचा. फाळणीनंतर लाखो निर्वासित आले, तेव्हा घर-जमीन गमावलेल्या माणसाला ईस्ट बंगालचा लाल-पिवळा रंग हा आधार वाटला. हे मी कमी लेखत नाही. त्याच वैरातून १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसं गेली, हेही खरं आहे.

पण मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. स्टँडमध्ये ‘आम्ही बांगाल’ म्हणणाऱ्यांच्या त्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण होतं? पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत नामशूद्र मोठ्या संख्येने होते. कोलकात्याच्या वसाहतींत जागा बहुतांशी भद्रलोक निर्वासितांनी मिळवली. नामशूद्रांना छावण्यांत ठेवलं आणि दंडकारण्यात पाठवलं. तिथून परत येऊन ते सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर राहिले, तेव्हा १९७९ मध्ये सरकारने नाकेबंदी केली, पोलिसी कारवाई केली, माणसं मेली, वस्ती उठवली. भाषा एक, मूळ गाव एक, निर्वासितपण एक. तरी ‘आपण’ त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

हीच माझ्या आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आहे. कुठलाही गट तुम्हाला ‘आपला’ म्हणतो तेव्हा तो किती जोरात म्हणतो ते मोजू नका. मॅच संपल्यावर ते ‘आपण’ किती वेळ टिकतं ते मोजा.

मुंबई-पुण्यात हे मोजमाप शंभर वर्षांपूर्वीच झालेलं आहे. मुंबईत क्रिकेटच्या स्पर्धा धर्मावरून व्हायच्या. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि पुढे ‘इतर’, असे संघ आणि ज्याचे त्याचे समर्थक. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू हे चांभार समाजातले फिरकी गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्वांत जास्त चमकले ते बाळूच. मैदानावर त्यांनी गडी बाद केला की सगळे हिंदू टाळ्या वाजवायचे. पण त्याआधी पुण्यात खेळत असताना त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही झगडून. चेंडू हातात असेपर्यंत हिंदू, चहाच्या वेळी अस्पृश्य. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये हिंदू समाज म्हणजे एकमेकांपासून तुटलेल्या जातींचा ढीग आहे, आपल्या जातीबाहेर कुणाला आपुलकी वाटत नाही, असं मांडलं. ते असे अनुभव समोर असतानाच.

आता कोल्हापूर. तुमच्यातले काहीजण तिकडचे आहेत, त्यांना मी वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात पेठ आणि फुटबॉल असं घट्ट नातं दुसरीकडे क्वचितच दिसेल. इथले संघ तालमींतून आणि मंडळांतून आले. पाटाकडील तालीम, श्री शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ अख्खी उतरते. कोल्हापुरात याला ‘ईर्षा’ म्हणतात. या ईर्षेने गल्लीतल्या पोरांना ओळख दिली, पायात चेंडू दिला. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आणि याच ईर्षेतून मैदानात दगड, बाटल्या, हाणामाऱ्या, थांबलेले सामने, दाखल झालेले गुन्हेही झाले.

पेठेची ईर्षा जातीसारखी नसते. घर बदललं की पेठ बदलते, आणि एका पेठेत अनेक जातींची, धर्मांची पोरं एका झेंड्याखाली येऊ शकतात. कोल्हापूरच्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकत्र बसल्याचं शहराने पाहिलं आहे. हे या शहराचं वैभव आहे. म्हणूनच ते मोडायचं असेल तर त्याच पोरांना वेगळा झेंडा द्यावा लागतो. ७ जून २०२३ रोजी मोबाईलच्या स्टेटसचं निमित्त करून हिंदुत्ववादी संघटनांनी कोल्हापूर बंदची हाक दिली. दगडफेक झाली, मुसलमानांची दुकानं फुटली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. फुटबॉलचे समर्थक तिथे होते असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्या वयाच्या पोरांची गर्दी कशी चालवायची हे कळलेली माणसं प्रत्येक शहरात असतात, आणि त्यांना पेठ पुरत नाही, त्यांना धर्म आणि वंश लागतो.

आता आपल्याबद्दल. आपण घरातले पहिले पदवीधर. गर्दीचा हिशोब आपल्यासाठी वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेत बेकायदेशीर जमाव कलम १८९ मध्ये आणि दंगा कलम १९१ मध्ये आहे. त्यातलं कलम १९० नीट वाचा. जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर त्या जमावात असलेला प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्याचा दोषी धरता येतो. दगड तुम्ही मारलेला असो वा नसो. सरकारी नोकरी लागली की चारित्र्य पडताळणी होते, साक्षांकन नमुन्यात प्रलंबित गुन्ह्याची माहिती भरावी लागते, लपवली तर नोकरी जाऊ शकते. ज्याच्या घरी वकील आहे, जमीन आहे, ओळखी आहेत, त्याच्यासाठी खटला म्हणजे त्रास असतो. ज्याच्या आईने धुणीभांडी करून त्याला पदवीपर्यंत आणलं, त्याच्यासाठी खटला म्हणजे घराची पंचवीस वर्षं. आणि गर्दीला हाक देणाऱ्याचा मुलगा त्या गर्दीत क्वचितच असतो. पुढच्या वेळी बघा.

मग संघच नको, झेंडाच नको, असं मी म्हणू का? नाही. माणसाला एकत्र यायचं असतं, आणि ज्यांना गावाने, वर्गाने, हॉस्टेलने बाहेर ठेवलं त्यांना ती भूक जास्त असते. प्रश्न एकत्र कशासाठी येतो याचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर १८ तारखेची डर्बी रद्द झाली. तेव्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग यांचे समर्थक मैदानाबाहेर एकत्र आले आणि न्याय मागत उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या. ज्या गळ्यांना एकमेकांविरुद्ध ओरडायची सवय होती, ते गळे एका बाजूने ओरडले. गर्दी म्हणजे आर्कानच असं नाही.

म्हणून कुठल्याही गटाला तीन प्रश्न विचारा. इथून मला बाहेर पडता येतं का? मार कोण खातो आणि पद कुणाला मिळतं? आणि तिसरा, सगळ्यांत सोपा: मॅच संपल्यावर आपण एका कपाने चहा पितो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरातच आहे. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायले, सोबतच्या उच्चवर्णीयांनाही पाजला. त्या शहरातलं फुटबॉलचं स्टेडियम शाहूंच्या नावाने आहे. तिथे कुठलाही झेंडा घेऊन जा, पण कप एकच ठेवा.

जय भीम.