मणी आणि दोरा



विषय दागिन्यांचा म्हणून आलेल्या भगिनींची आम्ही थोडी निराशा करणार आहोत. आम्ही सोन्याविषयी बोलणार नाही. मंगळसूत्रातल्या वाट्यांचे वजन सगळे विचारतात, काळ्या मण्यांची चौकशी कोणी करीत नाही. ते मणी काचेचे. काचेची पोकळ नळी ओढून, तिचे बारीक तुकडे करून, राखेत घोळून पुन्हा तापविले की कडा गोल होतात. आंध्रातील पापानायडुपेट येथे ही जुनी रीत चालत आली. दुसरा प्रकार सळईभोवती वितळती काच गुंडाळण्याचा. घरी भिंग असेल तर पाहा : ओढलेल्या मण्यातले बुडबुडे नि रेषा भोकाच्या दिशेने धावतात, गुंडाळलेल्यात त्या भोकाभोवती फिरतात.

मध्यंतरी एका गृहस्थांनी आम्हांला जुन्या काचमण्यांची माळ दाखविली. हौसेने, स्वहस्ते ओवलेली. निळे, हिरवे, विटकरी मणी. आम्हांलाही मोह पडला, खोटे कशाला बोला! कुठले, असे विचारता म्हणाले, "पावसानंतर पांढरीवर वेचलेले. चार गावचे आहेत." कोणता मणी कोणत्या गावचा, हे त्यांनाच सांगता येईना.

इथेच आमचे भांडण आहे. आपल्या नाशकातल्या मातीच्या गढीत १९५०–५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. मणी कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी मिळाला, यावरून त्याचा काळ ठरतो. उचलून ओवला की तो नुसता सुंदर उरतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीही पावसात उघड्या पडलेल्या वस्तू वेचल्याच. पण तेरच्या वस्तू तेरलाच ठेवल्या, म्हणून तेथे आज त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपलीकडची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. परवान्यावाचून तिचा व्यापार करता येत नाही.

घरच्या डब्यातल्या तुटक्या पोतीची गोष्ट वेगळी. ती जरूर ओवा, जरूर घाला. पटवेकऱ्याकडे दिलीत तर मण्यामण्यांत गाठ मारून मागा. दोरा तुटला तरी एकच मणी घरंगळेल. आजी कोणत्या गावची, पोत कोणत्या लग्नातली, हे चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा.

आणि जुना दोरा फेकू नका. नेवाशाच्या उत्खननात एका बालकाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा दोरा तांब्याच्या क्षारांमुळे टिकलेला सापडला. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम आढळले. काच दोऱ्याला असे राखीत नाही. तुमच्या पोतीचा दोरा तुम्हांलाच पुडीत बांधून ठेवावा लागेल.