शाळेचा कारभार आणि आपण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



प्राथमिक शाळा सरकारची, आपला तिच्याशी संबंध मुलाला पोहोचविण्यापुरता, असा समज आपल्यांत रूढ आहे. तो टाकावा, एवढेच सांगण्यास मी उभा आहे.

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानुसार शाळांचा कारभार जिल्हा स्कूल बोर्ड पाहात असे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या व तो त्यांजकडे गेला. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, तरी त्यानंतरही अनेक वर्षे येथील प्राथमिक शाळा परिषदेकडेच राहिल्या. शाळा दारांत, निर्णय मात्र दूर. पूर्वी ठाण्यास, २०१४ पासून पालघरास. हे अंतर तोडण्याचे साधन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिले आहे. ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यांत किमान पाऊण हिस्सा पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्षही पालकच. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे व शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम.

परंतु पालकांची निवड होते पालकसभेत. तेथे पांचदहाच माणसे जमली, तर त्यांतीलच कोणी नेमले जातात. मग गळक्या छपराविषयी तक्रार करण्यास आपणांस तोंड उरत नाही.

ज्ञातीच्याच व्यासपीठावरून आणखी एक सांगतो. निवड करताना 'आपला' माणूस पाहू नका. हिशेबाची वही उघडून पाहणारा पाहा. मग तो कोळीवाड्यांतला असो, पाड्यावरचा असो, वा परप्रांतातून येथे वस्तीस आलेला असो. भगिनींनाही केवळ सहीपुरते बसवू नका. पुढील पालकसभेस प्रत्येक घरांतून एकाने तरी जावे, ही विनंती.